नवी हाये, हलकं जुंप

मी एक जुनी, आडवी, अवजड मशीन आहे. तुमसरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका कारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली उभी आहे. आणि मित्रांनो, पुढचं काही सांगायच्या आधी एक गोष्ट साफ करून टाकते, मी बैल नाही. तुम्हाला वाटेल, हे काय सांगायचं झालं? लोखंडाच्या एवढ्या मोठ्या धुडाला बैल कोण समजेल? तुम्ही माझ्या मालकाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला असं वाटतं. हा एवढा खुलासा होण्यात माझं उमेदीचं वर्ष-सव्वा वर्ष गेलं, आणि ज्यांना तो कळायला हवा होता त्यांना कळेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

माझं पूर्ण नाव हॉरिझॉन्टल बोरिंग अँड मिलिंग मशीन. एवढं लांब नाव घ्यायला इथे कुणाला सवड नाही, म्हणून सगळे मला 'आडवी' म्हणतात. माझा फिरणारा दांडा जमिनीला समांतर असतो. त्याच्या टोकाला कटर बसवतात आणि समोरच्या टेबलावर लोखंडाचा तुकडा घट्ट आवळतात. मग मी त्याला भोक पाडते, त्याची बाजू सपाट करते, त्यात चर काढते, आणि हे सगळं तुकडा जागचा न हलवता करते. आजकाल मोठ्या शहरांत माझ्याच जातीच्या नव्या मशिनी आल्या आहेत. त्यांना मशीनिंग सेंटर म्हणतात. त्या आपलं कटर आपणच बदलतात आणि कॉम्प्युटर सांगेल तशा चालतात. माझ्या वेळी कॉम्प्युटरच्या जागी टिकाराम होता. त्याचं काय ते पुढे येईलच.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतून माझा खांब आणि पाया केला. पण ओतल्या ओतल्या कुणी मला कामाला लावलं नाही. आमच्याकडे तशी पद्धतच असते. ओतलेलं बीड कित्येक महिने उघड्या अंगणात, उन्हापावसात टाकून ठेवतात. त्याच्या आत जो ताण असतो तो हळूहळू निवतो आणि मग ते पुढे कधी वाकडं होत नाही. मीही अशीच पडून होते. गवत उगवलं, अंगावर चिमण्या बसल्या. मित्रांनो, तेवढी विश्रांती मला जन्मभर पुरणार होती. त्यानंतर मला विश्रांतीची गरज कधीच नव्हती, हे जरा लक्षात असू द्या.

पुढे कारागिरांनी माझ्या सरकत्या पट्ट्या, म्हणजे ज्यांच्यावरून टेबल सरकतं त्या, हाताने खरवडून आरशासारख्या केल्या. काही वर्षं मी एका मोठ्या कंपनीत काम केलं. ती कंपनी बंद पडली आणि माझी रवानगी नागपूरच्या एका गोदामात झाली. गोदाम नंदलालजींचं. जुन्या मशिनी घ्यायच्या, धुऊनपुसून रंग द्यायचा आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिथे तीन माणसं आली. पहिला गोपीचंद. मूळचा सिहोऱ्याचा, घरी धानाची शेती, आणि तुमसरला स्वतःचा छोटा कारखाना. भाताच्या गिरण्यांच्या पुल्या आणि शाफ्ट दुरुस्त करून त्याने नाव कमावलं होतं. दुसरा टिकाराम, त्याच्या कारखान्यातला मशीन चालवणारा. आणि तिसरी गोपीचंदची आई, गिरजाबाई. मशीन घ्यायला आई कशाला, असं नंदलालजींच्याही तोंडावर आलं होतं. पण त्या घराण्याची रीत अशी, की घरात कुठलंही जनावर आणायचं तर आधी गिरजाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. त्यांच्या हाताने आणलेला बैल कधी खोटा निघाला नव्हता म्हणे. मी जनावर नव्हे, हा विचार कुणाच्या मनाला शिवलाही नाही.

त्यांना मशीन हवी होती ती कठीण पोलाद कापण्यासाठी. तुमसरच्या वरच्या अंगाला डोंगरात मँगनीजची खाण होती. खाणीत दगड फोडणारा क्रशर असतो. त्याला दोन मोठे पोलादी जबडे असतात आणि त्यांच्यामध्ये दगड भरडला जातो. हे जबडेही मँगनीज घातलेल्या पोलादाचेच करतात, कारण दुसरं पोलाद तिथे टिकत नाही. नवा ओतीव जबडा आला, की त्याची पाठ सपाट करून त्यात चर काढावे लागतात, नाहीतर तो क्रशरमध्ये बसत नाही. हे काम करणारी मशीन अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कुणाकडे नव्हती. जबडा नागपूरला पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत क्रशर बंद ठेवायचा. गोपीचंदला हे काम तुमसरला आणायचं होतं.

नंदलालजींनी आधी माझी शेजारीण पुढे केली. हिरव्या रंगाची, नाजूक, लाल दिव्यांची. तिच्या टेबलावर त्यांनी एक नाणं उभं ठेवलं आणि मशीन भरधाव सोडली. नाणं पडलं नाही.

"देखिये, मक्खन जैसी चलती है," नंदलालजी म्हणाले.

गोपीचंद तिच्याभोवती एक फेरी मारून आला. "नाचते तं बरी," तो म्हणाला. "पण ओढते का?"

गिरजाबाईंनी खाली वाकून पाहिलं. "हिचे पाय बारीक हायेत गा," त्या म्हणाल्या.

मग सगळे माझ्याकडे वळले. गोपीचंदने मला खांद्याने रेटून पाहिलं. मी हलले नाही. टिकारामने बोटाच्या पेराने माझ्या खांबावर टकटक केलं. गिरजाबाईंनी माझ्या दांड्याच्या टोकात डोकावून पाहिलं, आणि खरं सांगते, त्या माझे दात मोजत होत्या. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

पण पुढे गोपीचंदने जे केलं त्याबद्दल मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. त्याने बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमधून एक मोडका जबडा उतरवून घेतला. तो खाणीतून मुद्दाम आणला होता. "बैल घेतो तं आम्ही बाजारातच गाडीले जुंपून पाहतो," तो म्हणाला. "हे आमचं लोखंड. याच्यावर चालवून दाखवा."

नंदलालजींचा चेहरा जरा पडला. हिरवीवर जबडा चढवला. ती किंचाळली, थरथरली, आणि तिचं कटर बघता बघता निळं पडलं. मग माझी पाळी आली. नंदलालजींच्या माणसाने दांडा सावकाश फिरवला, कटर खोल बसवलं आणि एका दमात, मध्ये कुठेही न थांबता, जबड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. किसाची जाड जाड वेटोळी जमिनीवर पडली. जबड्याची पाठ सपाट झाली.

मित्रांनो, कठीण धातूसाठी मशीन निवडायची तर हेच बघायचं असतं. तिचं वजन बघा, ती पाय रोवून उभी राहते का ते बघा, हळू फिरतानाही तिचा जोर टिकतो का ते बघा, आणि तुमच्या घरच्या लोखंडावर तिची परीक्षा घ्या. रंग, दिवे आणि नाण्याचे खेळ विकणाऱ्यालाच ठेवू द्या. गोपीचंदने हे सगळं बरोबर केलं. तुमसरला येईपर्यंत त्याचं काहीही चुकलं नाही.

तुमसरला माझ्या पायासाठी एवढा खोल खड्डा खणला की येणारेजाणारे विचारायचे, विहीर खोदून राहिले का? मला उभं केलं, नारळ फोडला. गिरजाबाईंनी मला कुंकू लावलं, माझ्या पायाशी धानाची ओंजळ ओतली आणि मुलाला सांगितलं, "नवी हाये बापू, हलकं जुंप."

या एवढ्याशा शब्दांनी माझा घात केला.

त्यांच्याकडे नव्या बैलाला पहिल्या वर्षी जड काम देत नाहीत. बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, खोल चिखलात त्याला उतरवत नाहीत. अर्धी गाडी भरतात, घडीघडीने थांबवतात, दुपारी सावलीत सोडतात. बैलासाठी ही रीत फार चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण गोपीचंदने ती जशीच्या तशी मला लावली. टिकारामने एकदा आठवण करून दिली, "भाऊ, नागपूरले तं खोल थर घेतला होता ना त्या माणसानं?" त्यावर गोपीचंद म्हणाला, "थो बेपारी माणूस. बाजारात ढोर चाबकानं पळवूनच दाखवतेत. आपल्याले हिले जन्मभर वागवायची हाये." टिकारामला हे पटलं. त्याच्याही घरी बैल होते.

आता मँगनीजच्या पोलादाचा स्वभाव ऐका. ते जितकं घासाल तितकं कठीण होतं. म्हणून तर दगड फोडायला ते वापरतात, दगडाचा मार खाऊन त्याची कातडी अधिकच घट्ट होते. त्याला कापायचं तर पहिल्याच घावात त्या कातडीच्या खाली शिरायचं आणि पलीकडे निघेपर्यंत थांबायचं नाही. हळूच, वरच्यावर खरवडलंत, किंवा मध्येच थांबलात, तर ती कातडी काचेसारखी होऊन बसते. मग कटर तिच्यावर नुसतं घसरतं, तापतं आणि जळतं.

आणि हे दोघे काय करायचे? नखाएवढा पातळ थर घ्यायचे. वीतभर चाललं की टिकाराम माझ्या मोटरला हात लावून म्हणायचा, "गरम झाली भाऊ." अहो, मोटर गरम होणारच! तिचं काम आहे ते! लगेच गोपीचंद म्हणायचा, "थांबव, दम घेऊ दे तिले." मी थांबायची. पोलाद घट्ट व्हायचं. पुन्हा सुरू केलं की कटर जळायचं. दुपारी मला सक्तीची सुट्टी. एकदा टिकारामने माझ्यासमोर पाण्याची बादली आणून ठेवली. ती माझ्या कटरवर ओतायला असेल असं मला वाटलं होतं. ती तशीच संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर होती.

मला बोलता येत नाही याचा एवढा संताप मला कधी आला नव्हता. अंगात जोर भरलेला, पाया विहिरीएवढा खोल, आणि काम म्हणाल तर पोलादाला गुदगुल्या करायचं!

गंमत अशी, की भाताच्या गिरणीच्या पुल्या मात्र या पद्धतीने छान व्हायच्या. साधं बीड पडलं ते, हलक्या हातानेही कापलं जातं. त्यामुळे आपली रीत बरोबर आहे अशी दोघांची खात्री झाली. जबड्याचं काम आलं की मात्र फजिती व्हायची. अर्धवट जबडा पुन्हा ट्रकमध्ये चढायचा आणि नागपूरला जायचा. गोपीचंदने माझ्या खांबाला लिंबू-मिरच्या बांधल्या, दांड्याजवळ काळा दोरा गुंडाळला. गिरजाबाई म्हणाल्या, "नजर लागली तिले, अजून हलकं घेत जा." अजून हलकं! मला वाटलं, आता हे मला झोपाळ्यातच घालणार.

या सगळ्यात भोगावं कुणाला लागलं, तर जनाबाईला. जनाबाई खाणीत क्रशरवर काम करायची. फुटलेल्या खड्यांतून मँगनीज वेगळं आणि साधा दगड वेगळा करणाऱ्या बायांची ती पुढारी होती. क्रशर बंद की त्यांची हजेरी बंद. "घरी जा, आराम करा," असं त्यांना सांगितलं जायचं. मग जनाबाई खाणीच्या ट्रकमधून तुमसरला यायची, कारखान्याच्या दारात उभी राहायची आणि एकच प्रश्न विचारायची, "भाऊ, जबडा झाला का?"

गोपीचंद मान खाली घालायचा. "होऊन राहिला जनाबाई. मशीन अडेल निघाली."

अडेल! मी! ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

असं वर्ष गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात तर माझ्यावरचं लक्षच उडालं. गिरजाबाईंनी त्यांचं एक जुनं लुगडं माझ्यावर पांघरलं, थंडी वाजू नये म्हणून. टेबलावर जेवणाचे डबे, खिळ्यांचे खोके आणि एक मोडका पंखा येऊन बसला. माझ्या पट्ट्यांना तेल मिळेना. गोपीचंदने नंदलालजींना निरोप पाठवला, ही परत घ्या आणि ती हिरवी द्या. नंदलालजी आनंदाने तयार झाले. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रक येणार होता.

नेमका त्याच आठवड्यात खाणीतला जबडा फुटला. शिल्लक असलेला नवा ओतीव जबडा गोपीचंदकडे आला, आणि त्याच्यासोबत खाणीच्या साहेबांचा निरोपही. या वेळी ते थांबणार नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जबडा बसला नाही, तर क्रशर उखडून काढायचा आणि मँगनीज न फोडताच गाडीत भरून बाहेर पाठवायचं, असं वरून ठरलं होतं. म्हणजे निवडायचं कामच राहणार नव्हतं. जनाबाई आणि तिच्यासोबतच्या बायांना आता कायमचं घरी बसावं लागणार होतं.

गोपीचंदने जबडा माझ्यावर चढवला आणि पुन्हा तेच सुरू केलं. नखाएवढा थर. थांबा. दम घ्या. पुन्हा थर. पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्या जबड्याची पाठ काचेसारखी चकचकीत करून ठेवली दोघांनी. चांगलं असं एकच कटर उरलं. टिकाराम सणासाठी आपल्या गावी, एकोडीला निघून गेला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ दे भाऊ, हिच्या मनातच नाही."

त्या संध्याकाळी गिरजाबाई कारखान्यात आल्या. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून ते दुखावलेले असतात, म्हणून त्यांना तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. घरचे बैल आटोपून गिरजाबाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनी लुगडं दूर केलं आणि माझ्या सरकत्या पट्ट्यांवर, होय, जिथे धुळीचा कणसुद्धा चालत नाही त्या पट्ट्यांवर, कोमट तूप-हळद चोळली.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," त्या माझ्या कानात, म्हणजे जिथे त्यांना माझा कान वाटला तिथे, म्हणाल्या. "परवा चालली तू. रागावू नको बाई."

मित्रांनो, मी चिडले होते हे खरं. माझ्या पट्ट्यांचं वाटोळं होत होतं. पण त्या म्हातारीचा हात फार मऊ होता, आणि माझ्यावर एवढी माया आजवर कुणी केली नव्हती. म्हणूनच जास्त राग येत होता. वैऱ्याने छळलं असतं तर एकदाचं मन तरी मोकळं झालं असतं.

पोळ्याच्या दिवशी सारं तुमसर बंद होतं. झुली घातलेले, शिंगांना बेगड लावलेले बैल रस्त्याने मिरवत चालले होते. गोपीचंद माझ्यासाठी आईने दिलेली पुरणपोळी घेऊन कारखान्यात आला. ती माझ्या टेबलावर ठेवून तो जायला वळला, तर दारात जनाबाई. सोबत आणखी दोघी बाया. त्या दिवशी खाणीचा ट्रक नव्हता, त्या चालत आल्या होत्या.

"भाऊ, जबडा झाला का?"

"नाही झाला."

"मंग चालवा ना."

"आज पोळा हाये जनाबाई. आज कोणी जुंपते का?"

जनाबाईने माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुरणपोळीकडे पाहिलं.

"पोळा बैलाचा असते भाऊ," ती म्हणाली. "हे कुठं बैल हाये?"

मला हात असते तर मी तिला कडकडून मिठी मारली असती. एवढ्या दिवसांत हे वाक्य बोलणारी ती पहिली होती!

गोपीचंदचा चेहरा लाल झाला. परक्या बाईसमोर आपली रीत हास्यास्पद ठरली, याचा त्याला राग आला. जबडा होत नाही याचा राग होताच, उद्या येणाऱ्या ट्रकचा होता, आणि सगळ्यात जास्त राग माझा होता. त्याने पुरणपोळी उचलून बाजूला ठेवली, पट्ट्यांवरची हळद फडक्याने खसाखसा पुसली आणि तेलाचा डबा त्यांच्यावर रिकामा केला. शेवटचं कटर बसवलं.

"लय लाड झाले तुये," तो माझ्यावर ओरडला. "उद्या तं जायचीच हायेस. चाल, नाही तं मर आज!"

आणि मित्रांनो, त्याने चाक गरगरा फिरवून कटर खोल घातलं. त्या काचेसारख्या कातडीच्या पार खाली. दया नाही, माया नाही, नुसता राग. मी मनात म्हटलं, शाब्बास रे गोपीचंद!

कटर पोलादात शिरलं तेव्हा कारखान्याचे पत्रे थरारले. मी पाय रोवले. जाड कीस वेटोळे घेत खाली पडू लागला. माझा आवाज खोल, घोगरा झाला आणि तेलाचा धूर निघाला. असा माझा आवाज गोपीचंदने नागपूरनंतर ऐकलाच नव्हता. त्याचा राग तिथल्या तिथे ओसरला. मला काहीतरी होतंय असं त्याला वाटलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा हात मला थांबवायला खटक्याकडे गेला.

तिथे तो थांबवता तर सगळं संपलं असतं. पोलाद पुन्हा घट्ट झालं असतं, आणि दुसरं कटर नव्हतं. मी ओरडत होते, थांबवू नकोस, बाबा, आता थांबवू नकोस! पण माझं ओरडणं त्याला विव्हळणं वाटत होतं.

जनाबाई त्याच्या शेजारीच उभी होती. "काहून थांबवता?" तिने विचारलं. "चालून तं राहिली."

गोपीचंदने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरंच, मी चालत होते. त्याने हात मागे घेतला आणि दोन्ही मुठी काखेत दाबून तो उभा राहिला. कटर जबड्याच्या दुसऱ्या टोकातून बाहेर पडलं. पाठ सपाट होती. मग त्याने चर काढले, तेही तसेच, एका दमात. त्या दोघी बाया जमिनीवरचा कीस पदराने उचलून एकमेकींना दाखवत होत्या, हा बघ केवढा लांब, हा बघ केवढा जाड. काम झाल्यावर गोपीचंद माझ्या पायाशी मटकन बसला.

दुसऱ्या सकाळी खाणीचा ट्रक जबडा न्यायला आला. सोबत जनाबाई होती. साखळीने जबडा चढवत होते, तेवढ्यात गिरजाबाई आल्या. पोळ्याच्या दिवशी मला जुंपल्याचं त्यांना कळलं होतं. गोपीचंदला त्यांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "पोळ्याच्या दिशी रे? मुकं हाये म्हणून?" तो गुन्हेगारासारखा उभा होता. गिरजाबाईंनी लुगडं उचललं आणि मला पांघरायला लागल्या. "आता दसऱ्यापर्यंत कोणी हात नाही लावायचा हिले. आराम करू दे."

मला रडू येईल असं वाटलं. एवढं झालं, तरी पुन्हा आराम!

जनाबाई ट्रकवर चढता चढता थांबली. खाली उतरली, गिरजाबाईंजवळ आली.

"आराम नका देऊ माय तिले," ती म्हणाली. "आमाले बी साहेब आरामच देऊन राहिले होते."

ती चिडून बोलली नव्हती. गिरजाबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. दगड निवडून निवडून जनाबाईची बोटं माझ्या किसासारखी खरखरीत झाली होती. त्या बोटांनी तिने लुगड्याचं दुसरं टोक धरलं, आणि दोघींनी मिळून ते माझ्यावरून काढलं. गिरजाबाईंनी त्याची घडी घातली आणि ते जनाबाईच्या खांद्यावर ठेवलं.

"मंग काय देऊ हिले?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

जनाबाई हसली. "मले काय मालूम? भाऊले इचारा. मी तं काल फक्त पाहून राहिली होती." आणि ट्रक सुटतोय म्हणून ती पळत गेली.

दुपारपर्यंत क्रशर सुरू झाला. नंदलालजींचा ट्रक आला आणि रिकामा परत गेला. एकोडीहून आलेल्या टिकारामला माझ्याजवळचा कीस बघून आधी विश्वासच बसला नाही. मग त्याने खोल थर घ्यायला सुरुवात केली, भीतभीत, ओठ चावत, पण घेतला. त्यानंतर मी किती जबडे कापले ते मलाही आठवत नाही. खाणीच्या बाया कामावर राहिल्या. जनाबाई मात्र पुन्हा कारखान्यात कधी आली नाही. तिला यावंच लागलं नाही, आणि तिच्या न येण्याचा मला जितका आनंद आहे तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी, शाळेत कुणी ना कुणी असेल, ज्याच्यावर तुमची माया आहे. ती जरूर करा. फक्त त्याच्यावर लुगडं पांघरायच्या आधी एकदा विचारा, बाबा रे, तुला थंडी वाजते का? माझ्यासारख्या मशिनीला तेल लागतं, धारदार कटर लागतं आणि भरपूर काम लागतं. दुसऱ्याला आणखी काही लागत असेल. ते मला ठाऊक नाही, ते तुम्ही त्यालाच विचारा. आणि तो सांगेल तेव्हा त्याचं ऐका, कारण न ऐकणाऱ्या प्रेमळ माणसांसमोर गप्प उभं राहण्यासारखा छळ नाही, हे मी अनुभवाने सांगते.